विश्लेषण : नोंदणी शुल्क पाच हजार, दंड शंभर रुपये… श्वान ब्रीडरांचा परवान्याला विरोध कशासाठी?

रस्त्यावरच्या कुत्र्यांचे काय करायचे, यावर ऑगस्ट २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर देशभर वाद झडला. मात्र विकत मिळणारी कुत्री कुठून येतात, त्यांची पैदास कोण करतो आणि त्याच्यावर लक्ष कोणाचे असते, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. खरे तर केंद्र सरकारने यासाठी २०१७ मध्येच नियम केले आहेत. कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी सक्तीची आहे. पण या नियमांना ब्रीडरांमधूनच विरोध आहे. काहींना नियम नकोतच, काहींना नियम हवेत पण असे नकोत. तिसरा एक वर्ग काहीच बोलत नाही, कारण तो कुठल्याच नोंदवहीत नाही.

नियम कधी आणि कसे आले?

या साऱ्याचे मूळ प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये आहे. या कायद्याच्या कलम ३८ नुसार केंद्र सरकारला नियम करता येतात. कुत्र्यांची पैदास आणि पेट शॉप यांच्यासाठीचे मसुदे २०१० पासून तयार होते, पण पुढे सरकत नव्हते. ऑगस्ट २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात पेट शॉप, कुत्र्यांची पैदास आणि शोभेच्या माशांची पैदास यांवर नियमन हवे, अशी शिफारस केली. त्यानंतर हालचाल झाली. मसुद्यावर हरकती-सूचना मागवण्यात आल्या आणि २३ मे २०१७ रोजी ‘श्वान पैदास आणि विपणन नियम’ अधिसूचित झाले. पेट शॉपसाठीचे वेगळे नियम ६ सप्टेंबर २०१८ रोजी आले.

त्याच दिवशी, म्हणजे २३ मे २०१७ रोजी, जनावरांच्या बाजारांसंबंधीचे नियमही निघाले होते. कत्तलीसाठीच्या गुरांच्या खरेदी-विक्रीवरून त्यांच्याविषयी एवढा गदारोळ झाला, की कुत्र्यांचे नियम वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात गेले. अनेक लहान ब्रीडरांना असे काही नियम आल्याचे कळायलाच बराच काळ गेला.

नियमांत नेमके काय आहे?

राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही ब्रीडिंगचा व्यवसाय सुरू करता येत नाही किंवा चालू ठेवता येत नाही. अर्जासोबत पाच हजार रुपये शुल्क भरावे लागते. ते परत मिळत नाही. नोंदणी दोन वर्षांसाठी असते. नोंदणीपूर्वी जागेची तपासणी होते. कुत्र्यांना पुरेशी जागा, हवा, पाणी, व्यायाम, आजारी कुत्र्यांसाठी वेगळी सोय आणि पशुवैद्यकीय देखभाल यांच्या अटी नियमांच्या परिशिष्टात दिल्या आहेत.

पैदाशीवरच्या अटी अधिक कडक आहेत. नर-मादी दोघेही किमान १८ महिन्यांचे आणि निरोगी असले पाहिजेत. मादीपासून वर्षातून एकदाच पिल्ले घेता येतात. आयुष्यभरात पाचपेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत. आठ वर्षांनंतर पैदास बंद. जवळच्या रक्ताच्या नात्यात जोड लावता येत नाही. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. सहा महिन्यांपेक्षा मोठा कुत्रा विकायचा असेल तर आधी नसबंदी करावी लागते. खरेदी करणारा स्वतः नोंदणीकृत ब्रीडर असेल तरच त्यातून सूट आहे. मायक्रोचिप, लसीकरण आणि विक्रीच्या नोंदी ठेवणे सक्तीचे आहे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. महापालिकेकडून कुत्रा पाळण्यासाठी घेतलेला परवाना किंवा दुकानाचा गुमास्ता परवाना म्हणजे ब्रीडर नोंदणी नव्हे. पहिला मालकासाठी असतो, दुसरा दुकानासाठी. पैदाशीसाठी राज्य मंडळाचीच नोंदणी लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्राणी कल्याण मंडळ आणि पशुसंवर्धन विभागाच्या यंत्रणेमार्फत चालते.

पाच वेते आणि आठ आठवडे हे आकडे कशासाठी?

कुत्री साधारणपणे दर सहा महिन्यांनी माजावर येते. गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. दीड वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा हिशेब केला तर साडेसहा वर्षांत ती जवळपास १३ वेळा माजावर येईल. लॅब्रॅडॉरसारख्या जातीत एका वेळी सहा-आठ पिल्ले सहज होतात. प्रत्येक वेळी जोड लावली तर मादीच्या शरीराची चाळण होते, पण व्यवसायाचे गणित मात्र फुगते. नियम हे १३ चे पाचवर आणतात. ब्रीडरच्या उत्पन्नावर थेट घाव घालणारी अट कोणती असेल तर ती हीच.

आठ आठवड्यांची अट पिल्लाच्या आरोग्यासाठी आहे. जन्मानंतर आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती काही आठवड्यांत ओसरू लागतात, आणि लसीकरण त्याच सुमारास, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होते. या मधल्या काळात पिल्लू आईपासून तोडून, पिंजऱ्यात घालून, चार हातांतून फिरवले तर पार्व्हो आणि डिस्टेंपर यांसारख्या आजारांना आयतीच वाट मिळते. शिवाय आई आणि भावंडांबरोबर खेळताना किती जोरात चावायचे नाही, हे पिल्लू याच काळात शिकते. पुढे ‘चावरा’ म्हणून सोडून दिलेल्या कुत्र्यांपैकी काहींची गोष्ट इथेच सुरू झालेली असते.

बाजाराला मात्र उलटे हवे असते. महिन्या-दीड महिन्याचे पिल्लू हातात मावते, गोंडस दिसते, लवकर खपते. आठवा आठवडा उलटेपर्यंत थांबायचे म्हणजे खाणे, जंतनाशक आणि पहिल्या लसीचा खर्च विक्रेत्याच्या खिशातून जातो.

ब्रीडरांचे आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप व्याख्येवर आहे. नियमांत विशिष्ट जातीची कुत्री पैदास आणि विक्रीसाठी बाळगणारी व्यक्ती किंवा गट म्हणजे ब्रीडर. बोर्डिंग केनेल चालवणारा, मधला दलाल आणि व्यापारीही त्यातच येतात. पण किती माद्या असल्या तर नोंदणी लागेल, याची किमान मर्यादा नाही. पन्नास कुत्र्यांचे केनेल चालवणारा आणि घरातल्या एकुलत्या कुत्रीची वर्षाआड पिल्ले विकणारा, दोघांनाही एकच अर्ज, एकच शुल्क, एकच तपासणी. छंद म्हणून पैदास करणाऱ्यांना हे जाचक वाटते.

दुसरा आक्षेप नसबंदीच्या अटीवर. श्वान प्रदर्शनांत उतरणारा कुत्रा चांगला निघाला की नाही, हे कळायलाच वर्ष-दीड वर्ष जाते. सहा महिन्यांनंतर नसबंदी केल्याशिवाय विकायचाच नसेल, तर चांगल्या रक्ताचा कुत्रा नव्या माणसाकडे जाणार कसा, असा त्यांचा प्रश्न आहे. ब्रीडरकडून ब्रीडरकडे विक्रीला सूट आहे खरी, पण दुसरा ब्रीडर नोंदणीकृत असेल तरच. नोंदणीच थोड्यांची असेल तर ही सूट कागदावरच राहते.

तिसरा आक्षेप तपासणी करणाऱ्यांवर. राज्य मंडळांवर आणि जिल्हा पातळीवरील समित्यांवर प्राणी कल्याण संस्थांचे प्रतिनिधी असतात. त्यांतल्या अनेकांचा कुत्र्यांच्या विक्रीलाच तत्त्वतः विरोध असतो. ‘ज्यांना आमचा व्यवसायच नको, तेच आमचे परीक्षक’ अशी ब्रीडरांची तक्रार आहे. त्यात इन्स्पेक्टर-राजची जुनी भीती मिसळलेली आहे.

चौथा मुद्दा असा, की आमच्याकडे आधीपासून नोंदणी आहेच. १८९६ मध्ये स्थापन झालेला केनेल क्लब ऑफ इंडिया पिल्लांची वंशावळ नोंदवतो, प्रमाणपत्र देतो, मायक्रोचिपचा क्रमांक ठेवतो. बाजारात ज्याला ‘पेपरवाले पिल्लू’ म्हणतात ते हेच. मग आणखी एक सरकारी कागद कशाला?

प्राणी कल्याण कार्यकर्त्यांचे उत्तर काय?

केनेल क्लबचे प्रमाणपत्र पिल्लाचे आई-बाप कोण ते सांगते. ती आई कुठल्या पिंजऱ्यात राहते, तिचे हे कितवे वेत, हे सांगणे त्याचे काम नाही. पेपर असलेले पिल्लूही वाईट स्थितीत वाढलेले असू शकते. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत श्वास घेण्याचा त्रास, जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचे दोष हे पैदाशीतून पुढे जाणारे आजार आहेत. दिसण्यासाठी निवड करत गेल्याने ते वाढतात. त्यामुळे या व्यवसायाचे नियमन व्यवसायानेच करावे, हे त्यांना मान्य नाही.

कार्यकर्त्यांमध्येही एकमत नाही. ‘रस्त्यावर आणि निवाऱ्यांत इतकी कुत्री असताना पैदाशीला परवाना देणे म्हणजे तिला मान्यता देणे’ असे मानणारा एक गट आहे. दुसऱ्या गटाच्या मते बंदी घातली तर सगळा धंदा बंद दाराआड जाईल. त्यापेक्षा नोंदणी बरी.

मोडणाऱ्याला शिक्षा किती?

नियमांची खरी कमजोरी इथे आहे. १९६० च्या कायद्यातील कलम ३८ नुसार नियमभंगासाठी कमाल शंभर रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्राण्याला क्रूर वागणूक दिल्याचा पहिला गुन्हा असेल तर कलम ११ नुसार दंड दहा ते पन्नास रुपये. हे आकडे काही दशकांपूर्वी ठरले आणि तिथेच राहिले.

म्हणजे नियम पाळायचा तर पाच हजार रुपये भरा, जागा सुधारा, नोंदी ठेवा आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच करा. मोडायचा तर, पकडले गेलात तर, शंभर रुपये. कैदेची तरतूद आहे, पण एवढ्या किरकोळ गुन्ह्यात तिच्यापर्यंत प्रकरण जाणे अवघड. नोंदणी रद्द करणे, कुत्री प्राणी कल्याण संस्थेकडे सोपवणे हे उपाय अधिक धाक घालणारे आहेत. मात्र नोंदणी रद्द करण्यासाठी ती आधी केलेली असावी लागते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने या कायद्यातील दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला. त्यात ‘अमानुष क्रूरता’ हा वेगळा गुन्हा धरून किमान ५० हजार ते ७५ हजार रुपये दंड आणि एक ते तीन वर्षे कैद सुचवण्यात आली होती. त्या मसुद्याचा अद्याप कायदा झालेला नाही. प्रामाणिक ब्रीडरांपैकी काहींना दंड वाढलेला हवाच आहे, कारण स्वस्तात पिल्ले विकणाऱ्याशी त्यांची स्पर्धा असते. पण शिक्षा वाढवताना व्याख्या तशीच सैल राहिली तर कागद अपुरे असलेला छोटा माणूस आधी सापडेल, ही भीतीही आहे.

२३ जातींच्या बंदीचा यात काय संबंध?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवले. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो, तोसा इनू अशा २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, त्यांना परवाने देऊ नका आणि आधीच पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करून घ्या, असे त्यात म्हटले होते. काही जीवघेण्या हल्ल्यांची पार्श्वभूमी त्याला होती.

पत्र निघताच ब्रीडर, मालक आणि हँडलर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेले. १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्र रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. योग्य प्रक्रिया पाळून सरकारला पुन्हा निर्णय घेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली.

या प्रकरणाने ब्रीडरांच्या मनात एक गाठ बसली. आज नोंदणी केली, कुठल्या जातीच्या किती माद्या आहेत ते लिहून दिले, आणि उद्या त्याच यादीवरून बंदीची नोटीस आली तर? नोंदणी ही विश्वासावर चालते. एका पत्राने तो विश्वास मागे ढकलला.

पश्मी आणि कारवानी पाळणाऱ्यांचे काय?

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न शहरी केनेलपुरता नाही. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ पश्मी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. लातूरपासून सोलापूर, सांगलीपर्यंत आणि पुढे कर्नाटकात उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी धावणारी कारवानी कुत्री पिढ्यान् पिढ्या सांभाळली गेली. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या घोरपडे संस्थानाने याच प्रकारच्या कुत्र्यांना राजाश्रय दिला आणि ती मुधोळ हाउंड म्हणून जगाला माहीत झाली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आल्यानंतर शिकारीचे काम संपले. आता ही कुत्री शेत, मळा, कळप राखतात आणि हौशी लोक ती विकत नेतात.

३० ऑगस्ट २०२०च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी जाती पाळण्याचे आवाहन केले आणि मागणी वाढली. पण जो शेतकरी दारातल्या पश्मीची चार पिल्ले विकतो, तो नियमाच्या अक्षरात ब्रीडर ठरतो. त्याच्याकडे केनेल नाही, वंशावळीचा कागद नाही. वयात आलेला चांगला नर पलीकडच्या गावातल्या माणसाला विकायचा तर नसबंदीची अट आड येते. नसबंदी केलेल्या नराचा पैदाशीला उपयोग शून्य. एकीकडे देशी जात टिकवा म्हणायचे आणि दुसरीकडे तिचे रक्त ज्या मार्गाने गावोगाव फिरते तोच बंद करायचा, हा या नियमांतला विरोधाभास आहे. देशी जातींच्या पालकांसाठी गटाने नोंदणी, कमी शुल्क किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यातच अर्जाची सोय, असे मार्ग त्यावर निघू शकतात.

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार १२ महिन्यांत तीन किंवा अधिक वेते घेऊन पिल्ले विकणाऱ्याला स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. त्याहून कमी असले तरी धंदा म्हणून विक्री करत असाल तर परवाना लागतोच. परवानाधारकांना एक ते पाच तारे दिले जातात आणि जाहिरातीत परवाना क्रमांक द्यावा लागतो. ६ एप्रिल २०२० पासून ‘लूसीज लॉ’ लागू झाला. सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लू दलाल किंवा दुकानामार्फत विकता येत नाही. ते जिथे वाढले तिथे, आईसोबत पाहूनच घ्यायचे. वेल्समधल्या एका ‘पपी फार्म’मधून सोडवलेल्या लूसी नावाच्या कुत्रीवरून हे नाव पडले.

अमेरिकेत केंद्रीय पातळीवर पैदाशीच्या चारपर्यंतच माद्या असणाऱ्या आणि स्वतःकडे जन्मलेली पिल्ले विकणाऱ्या लहान ब्रीडरांना परवान्यातून सूट आहे. राज्यांचे कायदे त्याहून वेगळे आहेत. दोन्हीकडे मोठा आणि छोटा यांच्यात रेघ ओढलेली आहे. भारतीय ब्रीडर मागतात ती हीच रेघ. मात्र तिचा फायदा घेऊन मोठे केनेल चार नावांनी चार घरांत विभागले जाऊ शकते, हेही विसरून चालणार नाही.

मग नियम कोणाला लागू होतात?

व्यवहारात, ज्याचा पत्ता आहे त्याला. पाटी लावून केनेल चालवणारा, प्रदर्शनात उतरणारा, दुकान थाटलेला तपासणीत सापडतो. पण पिल्लांचा मोठा व्यवहार आता मोबाइलवर चालतो. समाजमाध्यमावर फोटो, खाली फोन नंबर, पैसे यूपीआयने, पिल्लू एखाद्या चौकात किंवा बसच्या पार्सलने. विक्रेत्याने पिल्लाची आई कधी पाहिलेली असतेच असे नाही. असा विक्रेता मसुद्यावर हरकत नोंदवत नाही, न्यायालयात जात नाही आणि अर्जही करत नाही. नियमांवरचा वाद ज्यांच्यात चालू आहे ते दोघेही त्याच्यापुढे हतबल आहेत.

पिल्लू घेणाऱ्याने काय पाहावे?

तपासणीस पोहोचत नाही तिथे खरेदीदार पोहोचतो. म्हणून काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा आणि त्यावरची मुदत पाहा. ते दोनच वर्षांचे असते. पिल्लू आठ आठवड्यांचे झाले आहे का, जन्मतारीख आणि लसीकरणाचे पुस्तक काय सांगते, पुस्तकावर पशुवैद्यकाची सही आणि लसीचे लेबल आहे का, हे तपासा. मायक्रोचिपचा क्रमांक मागा. पावती घ्या. केनेल क्लबचे पेपर असतील तर ते वंशावळीचे आहेत, नोंदणीचे नव्हेत, हे लक्षात ठेवा.

आणि पिल्लाला त्याच्या आईसोबत, ते वाढले त्या जागी पाहण्याचा आग्रह धरा. त्या मादीची हाडे दिसत असतील, ती थकलेली असेल किंवा ‘आई गावाला आहे, फोटो पाठवतो’ असे उत्तर आले, तर पैसे पाठवू नका. कितीही गोंडस असले तरी ते पिल्लू ‘सोडवण्यासाठी’ विकत घेणे म्हणजे त्याच आईच्या पुढच्या वेताची आगाऊ रक्कम भरणे असते.